विलायतेला निघालेल्या देवीची ओटी

गुणवंत म्हणजे कमालीचा भित्रा आणि नेमका माणूस. दादरची खोली विकून मीरा रोडला पूनम सागरमध्ये ब्लॉक घेतला, तर सोसायटीच्या गेटवर ‘नो पार्किंग’ लिहिलंय म्हणून हा तिथे आपली सायकलसुद्धा टेकवायचा नाही. बायको मृणालिनी म्हणायची, “अहो, ते गाड्यांसाठी आहे!” पण ऐकेल तो गुणवंत कसला! आणि नशिबाची मस्करी बघा, असा हा माणूस ब्याण्णव साली देव चोरून परदेशी पाठवल्याच्या संशयात सापडला.

भाईंदर पूर्वेला चंदनशेठचा पितळी मूर्तींचा कारखाना होता आणि एक्स्पोर्टचे कागद गुणवंतकडे होते. माल नवा कोरा, पण चिंच-मीठ लावून, मातीत पुरून असा काळपट करायचे, की बघणाऱ्याला वाटावं, पणजोबांच्या देव्हाऱ्यातला आहे. गोऱ्या गिऱ्हाइकाला तेच आवडायचं. मात्र खरोखरची जुनी मूर्ती देशाबाहेर न्यायला सरकारची बंदी. म्हणून जुनी दिसणारी नवी मूर्ती पाठवायची, तर ‘ही जुनी नाही’ असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागायचा. गुणवंत दर खेपेला नमुना आणि फोटो घेऊन जायचा, तज्ज्ञ तपासायचे, शिक्का मारायचे. इतकी वर्षं एका शब्दाची खोट निघाली नव्हती.

त्या खेपेला पहिल्यांदाच देवीच्या मूर्ती होत्या. बंदरावर तपासनिसाने पेटी उघडली आणि तो चरकलाच. देवीच्या कपाळावर ओलं कुंकू, मुकुटाच्या खाचेत तेल, पायाशी हळदीचे तांदूळ! फोटोतली देवी कोरडी, पेटीतली पूजेतली. ही कुठल्यातरी देवळातून उचललेली, दाखला दुसरीचाच, असं म्हणून त्याने सगळा माल अडकवला. आणि ‘माल नवा आहे’ या कागदावर सही कोणाची? गुणवंतची!

“जेल होगी क्या, गुणवंतभाई?” चंदनशेठने विचारलं. म्हणजे कोणाला होईल, हे त्याने सोयीस्करपणे सांगितलंच नाही. गुणवंत घरी रात्र-रात्र कागदांच्या नकला तपासत बसायचा. मृणालिनी वरून धीर द्यायची, “तुम्ही काही केलं नाहीये ना? मग कसलं भ्यायचं?” आणि आत जाऊन डोळे पुसायची.

कुंकू कोणाचं, ते गुणवंतला लगेच कळलं. पॅकिंगच्या बायकांत जवळच्या मोरवा गावची शालू होती. तिला फैलावर घेतलं, तर ती उलट त्याच्यावरच डाफरली, “मंग काय करू? लेक साता समुद्रापल्याड चाललीय, तिला रित्या ओटीनं धाडू? आमच्यात न्हाय चालत, भाऊ!” गुणवंतने कपाळावर हात मारला. हे कारण सरकारी कागदावर लिहायचं तरी कसं?

शेवटी खात्याचे तज्ज्ञ स्वतःच कारखाना बघायला आले. म्हातारे, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. बंदरावरची देवी त्यांनी सोबतच आणली होती. गुणवंत त्यांना मातीचे खड्डे दाखवत होता. आणि पुढच्या खोलीत बघतो तर काय, शालूबाई ताट घेऊन नव्या मूर्तींच्या ओट्या भरत बसलेल्या! आज तरी थांबेल असं वाटलं होतं त्याला. छे! मेलोच, असं तो चक्क मोठ्याने म्हणाला.

साहेब दारातच उभे राहिले. “बाई, प्रत्येकीची भरता?”

“मंग! येकीची भरून दुसरीला तशीच धाडायची व्हय?”

साहेबांनी आणलेली देवी त्या रांगेत नेऊन ठेवली. तेच कुंकू, तेच तांदूळ, सगळ्या सख्ख्या बहिणी. साहेब खो खो हसत सुटले. “नव्या आहेत हो! आजच कळवतो, माल सुटेल तुमचा.” मग चष्मा सारखा करत म्हणाले, “पण यापुढे पेटीत घालण्याआधी कुंकू पुसून टाकायचं. फोटोत जशी, तशीच पेटीत दिसली पाहिजे.”

शालूचा हात ताटातच थांबला. तिचा चेहराच उतरला.

आता सुटला होता ना गुणवंत? ‘हो साहेब’ म्हणून मोकळा झाला असता. जन्मभर तेच तर म्हणत आला होता. पण तो म्हणाला, “साहेब, तांदूळ काढतो, प्रसाद म्हणून बायका घरी नेतील. पण देवीचं कुंकू पुसा, असं या बायकांना मी नाही सांगणार. त्यापेक्षा नमुन्याला आधी कुंकू लावतो आणि तुमच्यासाठी फोटोच कुंकवासकट काढतो. नियम मोडतो का सांगा.”

“नाही मोडत,” साहेब म्हणाले.

ते गेले आणि गुणवंत एका खोक्यावर मटकन बसला. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि त्याला रडूच फुटलं, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. शालू गडबडली.

“ओ भाऊ, रडताय कशापायी? सुटलात न्हवं?”

“ओटी भरलीस ना तू? मग भर पुढची,” शर्टाच्या बाहीला नाक पुसत गुणवंत म्हणाला. “पाठवणीला कोणीतरी रडायला नको का?”