एकालची विचारपूस

मी मंगळवार पेठेतला. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. शेवटची मोठी पोस्टिंग दक्षिण सुदान, शांतिसेनेत. रोजचं काम ठरलेलं. सहाला हजेरीचं फॉल-इन, सातला धान्याच्या ट्रकना एस्कॉर्ट.

आमचा दुभाषा एकाल. केनियातला तुर्काना जमातीचा माणूस, तिशीचा. दक्षिण सुदानातल्या गुराख्यांची बोली त्याच्या भाषेच्या जवळची. गाडीत तो आम्हाला शिकवायचा. भेटलेल्या माणसाला विचारायचं, ‘एजोका?’ म्हणजे बरं आहे का. तो म्हणणार, ‘एजोक.’ बरं आहे. मग पोरं कशी, गुरं कशी, पाणी कुठं. कामाचं त्यानंतर.

“पहिल्यांदा सगळेच बरं म्हणतात,” एकाल सांगायचा. “खरं पुढं कळतं.”

“आमच्या बिद्री गावातबी आसंच हाय की,” नाईक संभाजी म्हणाला.

त्या दिवशी दहा चाळीसला कोरड्या नदीपाशी सात गुराखी रस्ता अडवून उभे होते. सगळ्यांकडे रायफली. मी कॉन्व्हॉय थांबवला. एकाल एकटाच उतरला. पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाला, “एजोका?”

म्हाताऱ्यानं मागच्या माणसाकडं पाहिलं. मग म्हणाला, “एजोक.”

रेडिओवर कॅप्टनसाहेब. “हॉल्ट का? ओव्हर.”

“रस्त्यात गुराखी आहेत, सर. एकाल बोलतोय. ओव्हर.”

“हरी अप. आउट.”

मी खिडकीतून ओरडलो, “एकाल, फास्ट.”

त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मग पोराबाळांचं न विचारताच रस्ता मागितला. म्हाताऱ्यामागच्या माणसानं गोळी झाडली. म्हाताऱ्यानंच त्याची रायफल खाली दाबली. मी ‘होल्ड फायर’ दिलं, आमच्यातल्या कुणी गोळी झाडली नाही. ते झाडीत गेले.

गोळी एकालच्या पोटात लागली होती. संभाजीनं फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं. अकरा पंचवीसला एकाल गेला. हेलिकॉप्टर बाराला आलं.

नंतर कळलं, आदल्या दिवशी गुरांच्या दरोड्यात म्हाताऱ्याचा मुलगा मारला गेला होता. गोळी झाडणारा त्या मुलाचा भाऊ. पोरं कशी आहेत, एवढं विचारलं असतं तर म्हाताऱ्यानं सांगितलं असतं. एकाल तिथंच त्यांच्यात दुखवट्याला खाली बसला असता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी जबाब दिला. ‘फास्ट’ हा शब्द त्यात नाही.

एकाल सिव्हिलियन होता. युनिटच्या शहिदांच्या फलकावर त्याचं नाव नाही. यंदा जयसिंगपूरच्या एका शाळेनं शहीद जवानांवर बोलायला बोलावलं. मी एकालवर बोललो, आणि त्या सकाळी मी काय ओरडलो तेही सांगितलं. मग मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, एकाल लोमुरिया.