उप्पीट कुणी केलं

आमच्या शेजारचे फौजी रिटायर झाल्यापासून रोज सकाळी, सून कामावर निघायच्या आत, घरादाराचा नाष्टा करतात. खांद्यावर टॉवेल टाकून, परेडला उभं राहावं तसे ताठ उभे राहून ते रवा भाजतात आणि मधूनच आवाज देतात, "दोन मिन्टं! उपाशी कुनी हलायचं न्हाई!" वडूजच्या चहाच्या टपरीवर त्यांचं 'वैनी' हे नाव मीच पाडलं. सगळे हसले. तेही हसले.

गेल्या महिन्यात माझी बायको तापानं अंथरुणाला खिळली. मी तिला नुसत्या चहावर ठेवलंय हे कळताच फौजी घरचा रवा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. "गुरुजी, कांदा तेवढा चिरा," म्हणाले. मला तोही धड जमेना. उप्पिटाला वाफ येत होती, तेवढ्यात पलूसहून सासूबाई दारात हजर. फौजींनी झटकन उलथनं माझ्या हातात दिलं आणि आपला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"आवं ताई, या. जावयानं लय झ्याक उप्पीट केलंय बगा."

सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि डोळ्याला पदर लावला. "माझी लेक नशिबाची हाय." मी मान खाली घालून त्यांना आणखी उप्पीट वाढलं. त्यांना तो माझा साधेपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर कुणीतरी ओरडलं, "काय वैनी, आज काय शिजवलं?"

फौजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. "उप्पीट," एवढंच म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो.