दाजींच्या कृत्तिका

आमचे दाजी कुठल्याही दुकानात गेले की वस्तूच्या आधी तिचे पाय बघत. माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हासुद्धा मुलगी राहिली बाजूला, हे आपले डुगडुगणाऱ्या पाटाचा कोपरा दाबत बसले, असं आई सांगायची. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं अजून कानात आहे. "काच कुनीबी दावतंय, पाव्हणं. पाय कुठं हायत ते बघा!"

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. सांगवीची शेती थोरल्या भावावर, आबांवर सोपवून दाजींनी बारामतीत फोटोचं दुकान थाटलं होतं. आबांना ते रुचलं नाही. ते दुकानाची पायरी कधी चढले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणत, "धाकला सावल्या इकतोय." दाजींच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. आबा पहाटे कृत्तिका बघून मोट जुंपणारे; त्या कृत्तिकाच फोटोत धरून आबांपुढे ठेवायच्या, असं दाजींनी मनात घेतलं.

दुर्बीण आणायला आम्ही पुण्याला गेलो. जुन्या मालाच्या दुकानात दोन होत्या. एक पितळेची, नवरदेवासारखी नटलेली. दुसरी आखूड, रंग उडालेली. माझा जीव अर्थातच पहिलीवर. दाजींनी ती समोरच्या कळसावर रोखली आणि तिवईला टिचकी मारली. कळस नाचायला लागला तो थांबेचना. "ह्यो तमाशा घरी न्यायचा न्हाय," म्हणाले आणि दुसरी काखोटीला मारली. तिला तर तिवईच नव्हती! मी कपाळाला हात लावला.

तिवईच्या जागी दाजींनी आबांच्या बैलगाडीचं चाक आखासकट मागितलं. तारे ध्रुवाभोवती फिरतात. तेव्हा गाडीचा आख ध्रुवाकडे रोखला, की त्यावरचं चाक ताऱ्यांच्या चालीनं फिरवता येतं. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो, त्यामुळे आखाचं उत्तरेकडचं टोक जरासं उचललं की काम झालं. खळ्यात दगड रचून आख पक्का बसवला. आऱ्यांना दुर्बीण आणि तिच्या शेजारी कॅमेरा बांधला. दाजी दुर्बिणीतून एक तारा धरून ठेवत आणि एक लांब बोल्ट फिरवून चाक केसाकेसानं पुढे ढकलत. हे सगळं त्यांना इतकं सोपं वाटे, की आपल्यालाच आजवर का सुचलं नाही याचं मला नवल वाटायचं.

फोटोच्या पहिल्या काचेवर प्रत्येक तारा जुळा आला. चाक आखावर मधेच सरकलं होतं. दाजींनी ती गाडी घडवणाऱ्या म्हादू सुताराला बोलावलं. तो छाती काढून म्हणाला, "ढिलं ठिवलंयच मी! चाक वाजलं न्हाय तर आबांची गाडी आली हे गावाला कळंल कसं?" गाडी वाजणं ही आमच्याकडे घराण्याची शोभा.

दाजींनी जुन्या मोटेचं चामडं तेलात भिजवून चाकाच्या मधल्या तुंब्यात, आखाभोवती ठासलं. चाक गप्प झालं. आबांनी बजावलं, "उद्या ऊस कारखान्यावर निघनार. त्याच्या आदी ते चामडं काडायचं. मुकी गाडी घिऊन मी चारचौघांत जानार न्हाय." म्हणजे हाती एकच संध्याकाळ होती. दिवेलागण झाली, कृत्तिका वर आल्या आणि दाजींनी बोल्टाला हात घातला. आबा पोत्यावर बसून विडी ओढत होते. काम झाल्याबरोबर दाजी काच उराशी धरून बारामतीला पळाले. चामडं काढायचं राहूनच गेलं आणि चाक तसंच गाडीला चढलं.

दुसऱ्या दिवशी फोटो दुकानात लावून आम्ही उभे होतो. बाहेर गाडी थांबल्याचं आम्हाला कळलंच नाही. वळून बघतो तर आबा पायरी चढून आत आलेले, डोक्याचा पटका हातात. ते फोटोसमोर गेले. बोटानं मोजत राहिले.

"आमाला सात दिसत्यात. हितं तर रास पडलीया."

दाजी दाराकडे वळले. "आबा, ते चामडं काडायचं ऱ्हायलं. आत्ता काडून देतो."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "मृगाचा फोटू बी काडायचा आसंल की."