माझं राहिलेलं चित्र

अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी ह्यांची व्यंगचित्रं असायची. माझे यजमान नोकरीपुरते इंजिनिअर. त्यांचा हात खरा चालायचा तो माणसांची नाकं वाढवायला. एका अध्यक्षांचं पोट त्यांनी असं काढलं, की त्या घरच्या काकूंनी पुढच्या दिवाळीला आम्हाला फराळाला बोलावलंच नाही. सगळ्या मंडळाची चित्रं झाली, फक्त माझं झालं नाही. मी हट्ट केला, रुसले, टोमणे मारले. "काढू की," म्हणायचे आणि दुसऱ्याच कुणाच्या टकलाला लागायचे.

मागच्या वर्षी ह्यांच्या दोन्ही डोळ्यांतली मधली नजर गेली. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथे नेमका डाग. हे वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. माझं चित्र आता राहिलंच, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. तेव्हापासून मी घरात फार जपून वागू लागले. ओरडणं बंद, टोमणे बंद, चालणंसुद्धा हळू.

ह्यांचा लाडका एक जुना फ्रेंच चित्रकार आहे. त्याची चित्रं वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहेत, म्हणून थोडं दिसतंय तोवर मी ह्यांना तिथे घेऊन गेले. हा माणूस पुढाऱ्यांची डोकी मातीत घडवायचा आणि व्यंगचित्रं दगडावर काढून छापायचा. राजाची टिंगल केली म्हणून तुरुंगातही जाऊन आला. पोटासाठी वर्तमानपत्रांतून लोकांना हसवलं, पण रंगात काढले ते दमलेले, ओझी वाहणारे लोक. तिथे थट्टा नाही. भिंतीवरची माहिती मी ह्यांना वाचून दाखवली आणि शेवटचं वाक्य गाळलं.

"म्हातारपणी त्याची नजर गेली, ते तू स्किप केलंस," हे शांतपणे म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी कागद आणि कोळशाची कांडी मागितली.

"बस समोर."

मी बसले. तोंड खिडकीकडे करून, डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघत ते काढत होते. मी हललेसुद्धा नाही.

कागद हातात घेतला, तर चेहरा जेमतेम दोन-चार रेघांचा. आणि त्यात एवढं मोठं, पडजीभ दिसेल असं उघडं तोंड!

"एवढी वर्षं थांबले, ती ह्यासाठी?"

"अगं, बाकीचं मला नीट दिसत नाही. तोंड तेवढं ऐकू यायचं. हल्ली तेही बंद केलंस. तू खोलीत आहेस की नाही, हेच मला कळत नाही."

माझ्या डोळ्यांना धार लागली. ते पुसताना माझं लक्ष सोफ्याकडे गेलं. पांढऱ्या कव्हरवर ह्यांची पाचही बोटं काळीकुट्ट उमटली होती. मी अशी काही ओरडले, की हे हसायला लागले आणि मान वळवून बरोबर माझ्याकडे बघू लागले.