वहिनीचा पापुद्रा बसला

आमच्या वहिनीला नीट बसलेली कुणी पाहिलेली नाही. जेवताना सुद्धा अर्धी खुर्चीवर, अर्धी हवेत. कोणी मिठाकडे नुसतं बघितलं तरी हिचा हात बरणीवर. दादा म्हणतो, "लग्नाच्या फोटोतसुद्धा ही माझी कॉलर नीट करतेय!" चादरीला सुरकुती दिसली की तळहाताने दाबून सपाट करणार, मग त्या चादरीवर कोणी झोपलेलं का असेना.

काम मात्र मिळालंय ते पापुद्रे पसरण्याचं. प्रयोगशाळेत ती एका चकचकीत स्फटिकाला चिकटपट्टी लावते, ओढते, पुन्हा लावते, पुन्हा ओढते. असं करता करता शेवटी असा पापुद्रा सुटतो, की त्याहून पातळ सोलताच येत नाही. ह्या पापुद्र्याची एक खोड आहे. त्याला खूप गार करून वर लेझर सोडला, की ताणलेल्या जागी तो प्रकाशाचा एकेक कण सोडतो. एका वेळी एकच; जोडीने कधी नाही. गुप्त निरोप धाडायला असा प्रकाश फार कामाचा म्हणे. पण पापुद्रा लहरी. कुठल्या सुरकुतीत, कुठल्या कडेला दिवा लागेल, नेम नाही.

"जिन्यातला दिवा माळ्यावर लागला तर काय चाटायचाय?" हा वहिनीचा सवाल.

म्हणून नखाएवढ्या एका चकतीवर केसाहून कितीतरी बारीक खांब उभे करायचे आणि त्यांच्यावर पापुद्रा तंबूसारखा अंथरायचा. ताण खांबाच्या टोकावर, म्हणजे दिवाही तिथेच. तंबू न फाटता टेकला की तिथली माणसं म्हणतात, 'बसला'.

वहिनीचे पापुद्रे हमखास बसायचे. मग न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाताची थरथर राहिली. लागोपाठ दोन पापुद्रे फाटले, तेव्हा प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "आणखी एकदा बघू. नाही जमलं तर तू ऑफिसात बैस. हाताला आराम मिळेल."

बाई मायेनेच बोलल्या होत्या. वहिनी घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, "मला बसवायला निघाल्यात!"

स्कूटर तिला धरवेना, म्हणून त्या 'आणखी एकदा'च्या दिवशी मी सोडायला गेलो. मागे बसून ती माझ्या शर्टाची पाठ सपाट करत होती.

"वहिनी, फाटतात कशाने गं?"

"पापुद्रा टेकला की चाक फिरवून वरून एक हलका दाब द्यायची सवय आहे मला. पूर्वी दाब मापात होता. आता हात हलतो आणि खांब आरपार."

"मग दाबू नकोस."

"अहो भाऊजी, न दाबता बसवायची सोय आहे. चकतीखालची बैठक तापवायची. पापुद्रा ज्याला चिकटवलेला असतो तो वरचा मऊ ठोकळा हळूहळू फुगतो आणि पापुद्रा आपणहून टेकत जातो. सगळे तसंच करतात."

"आणि तू?"

"नुसतं बघत बसायचं? आळशांचं काम ते!"

"हो, तू कामसू. फाड अजून एक."

पाठीत धपाटा बसला. पण मग दारापर्यंत तिचा हात माझ्या शर्टावर फिरला नाही.

आत मला टोपी, कोट चढवून कोपऱ्यात उभं केलं, वर दम दिला, "शिंकलात तर याद राखा." ठोकळ्याखाली लटकलेला पापुद्रा तिने खांबांच्या नेमका वर आणला. थरथरत का होईना, आणला. बैठक तापवायचं बटण दाबलं. पडद्यावर एका कोपऱ्यातून रंग बदलत पुढे सरकू लागला; तिथे तिथे पापुद्रा टेकत होता. गोगलगायसुद्धा पुढे गेली असती. वहिनीचा हात दाबाच्या चाकाकडे निघाला.

मी खाकरलो.

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर चक्क बसली. वर्गात बाईंनी दटावलेल्या पोरीसारखी. रंग सरकत होता, तिचे खांदे वळवळत होते, ओठ दातांखाली होते. पण उठली नाही.

चकती गार व्हायला दुपार गेली. मग मोठ्या बाईंनी आम्हाला पडद्यापाशी बोलावलं. काळ्याभोर अंधारात ठिपके लागले होते, आखल्यासारखे, रांगेत, खांबाखांबावर. एकच खांब विझलेला.

वहिनीला दिसला तो तेवढा एक.

"त्याला जरासं..."

"हात लावून तर बघ!" मोठ्या बाई ओरडल्या, आणि हसल्या. "बसलाय तो. उद्या ये, पुढची चकती तुझीच."

वहिनीने डोळे माझ्या कोटाच्या बाहीला पुसले. वर म्हणते कशी, "भाऊजी, कोटाला इस्त्री नाही तुमच्या."

रात्री जेवताना दादाने मिठाकडे पाहिलं. बरणी हलली नाही. त्याने पुन्हा पाहिलं. वहिनी खुर्चीवर पुरती टेकून बसली होती, हात मांड्यांखाली.

दादा माझ्या कानाशी आला. "काय रे, हिला बरं नाहीये का?"