एकच खोली होती का?
आमच्या लातूरच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी पंच कमिटीची बैठक व्हायची. कोण भाकर-द्राक्षरस घ्यायला लायक, कोण नाही, ते तिथं ठरायचं. कमिटीत मी एकटी बाई. पेशानं शिक्षिका, अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं.

एका बैठकीला जिला बोलावलं होतं ती माझ्याच रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकलेली मुलगी. औशाला दिली होती. नवऱ्यानं मारून मारून हात मोडला तेव्हा ती निघून नांदेडला गेली आणि एका दवाखान्यात आयाचं काम करू लागली. दोन वर्षांनी आईचं आजारपण काढायला लातूरला परतली आणि रविवारी चर्चमध्ये, म्हणजे आमच्या देवळात, उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसू लागली. नांदेडात ती एका कंपाउंडरच्या घरी राहायची, एवढी बातमी तिच्याआधीच इथं पोचली होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ‘प्रभू, तुझी मंडळी निष्कलंक ठेव.’ मग चहा आणि गरम भजी आली. ती समोर उभीच होती. तिला कुणी खुर्ची दिली नाही, मीही नाही.

‘घरात खोल्या किती होत्या?’ सगळ्यात वडीलधाऱ्या पंचांनी विचारलं.

‘एकच.’

‘एकच खोली होती का!’ त्यांनी बाकीच्यांकडं पाहिलं. ‘मग झोपायची कुठं?’

‘त्यांच्या आईजवळ, खाली. ते व्हरांड्यात झोपायचे.’

‘पावसाळ्यात बी व्हरांड्यात?’

कुणीतरी हसलं. दार आतून लावायची का, म्हातारीला ऐकू यायचं का, दिवा कधी मालवायचा, असे प्रश्न येत राहिले. त्या वडीलधाऱ्या पंचांच्या ओठांना तेल लागलं होतं. बोटं चाटत, पुढं वाकून ते उत्तराची वाट बघायचे. सत्तरीतला माणूस, दर रविवारी दहा आज्ञा वाचणारा. त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला पवित्रतेची काळजी म्हणता येत नाही. तरी मी लिहीत होते.

मग पाळकसाहेब माझ्याकडं वळले. ‘आम्हाला सांगायला तिला संकोच वाटत असेल. बाई, तुम्हीच विचारा.’

मी नाही म्हणायला हवं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘तुझा त्या माणसाशी काही संबंध होता का?’

माझा आवाज मला ओळखू आला. वर्गात चोरी झाली की मी त्याच आवाजात पोरींना उभं करायची.

‘माझा हात मोडला तवा कुणी बैठक घेतली न्हाई, बाई,’ ती म्हणाली आणि निघून गेली.

‘उद्धटपणा. पश्चात्ताप नाही. भोजनास लायक नाही,’ असं पाळकसाहेबांनी लिहायला सांगितलं. मी लिहिलं. खाली सही केली.

रविवारी तिचा नवरा मुद्दाम औशाहून आला होता. पांढरा शर्ट, भांग पाडलेला. तो वेदीसमोर गुडघे टेकून बसला आणि पाळकसाहेबांनी त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. त्याच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. माझी पाळी आली. तुकडा तोंडात घेतला, पण गिळला नाही. बाहेर जाऊन नळाशी थुंकला. आमच्यात याला मोठं पाप मानतात. मला तेवढीच एक गोष्ट त्या दिवशी स्वच्छ वाटली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती आईला पेज भरवत होती. मी माफी मागितली.

‘बाई, मला लई काय पायजे होतं असं न्हाई,’ ती म्हणाली. ‘लहानपणची गाणी म्हणत मागं बसायचं होतं. बस्स.’

‘पुन्हा ये. मी बोलते त्यांच्याशी.’

‘तुम्ही लिवत होता,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पेजेची वाटी तिनं पुन्हा उचलली आणि मी उठले.

महिन्याभरानं आईला घेऊन ती नांदेडला गेली ती कायमची. लातूरला आली तरी आमच्या देवळाकडं फिरकत नाही.

तेवढ्यावर मी कमिटी सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. सोडली नाही. आणखी दीड वर्ष मी त्या खुर्चीवर बसले, चहा प्यायले, भजीसुद्धा खाल्ली, आणि आणखी दोघींची नावं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिली.