परसादाले नाही म्हणू नये

डॉक्टरांनी सासऱ्यांचं गोड बंद केलं आणि जन्मात देवळाची पायरी न चढलेला हा माणूस एकाएकी देवभोळा झाला. शनिवारी मारुतीचे पेढे, गुरुवारी मंगरूळच्या दर्ग्यावरची शिरणी, आणि गावात कुठेही सत्यनारायण असला की शिऱ्यासाठी सगळ्यांत पुढे हेच. मी चिडले की म्हणायचे, "परसादाले नाही म्हणू नये, सूनबाई. पाप लागते."

साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. ती रोज धुवायची मी, पुण्य मात्र त्यांचं!

शेवटी एका सकाळी मी वाटीभर कारल्याचा रस काढला, देवापुढे ठेवला, वर तुळशीचं पान टाकलं आणि घंटी वाजवली. शेजारच्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांच्यादेखत वाटी सासऱ्यांपुढे धरली.

"घ्या मामाजी, परसाद आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं आणि वाटी तोंडाला लावली. डोळे गच्च मिटले, पाणी आलं. बायांना वाटलं, काय ही भक्ती!

दुसऱ्या दिवशी घंटी वाजताच सासरे खाटेवरूनच ओरडले, "देव मनात असला म्हंजे झालं, सूनबाई! परसाद कायले पाह्यजे?"